पट्टा फिरता ठेवा

टोकियोत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी निदान एकदा तरी फिरत्या पट्ट्यावरची सुशी खायला नेतो. पाहुणा मासे खाणारा असो वा नसो. कारण ते दुकान खाण्याइतकंच बघण्याचंही असतं. समोरून बश्या सरकत जातात, मनाला येईल ती उचलायची, शेवटी रिकाम्या बश्या मोजून पैसे द्यायचे. जपानीत ह्याला काइतेन-झुशी म्हणतात, म्हणजे फिरती सुशी. २०२५च्या मे महिन्यात अण्णा आले तेव्हाही बेत तोच होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: माग बिघडला की तो पुन्हा चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. धोटा नीट जात नाही, हे ते शेजारच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून सांगायचे. देशाबाहेर पहिल्यांदाच आले होते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की इथे एका हॉटेलात जेवण पट्ट्यावरून येतं. 'सुशी' म्हटल्यावर चेहरा कोराच राहिला होता, 'पट्टा' म्हटल्यावर खुलला.

शनिवारी दुपारी एका मोठ्या चेनच्या दुकानात गेलो. दारातल्या यंत्रातून नंबर निघाला, पाऊण तासाने टेबल मिळालं. टेबलाच्या कडेने पट्टा गेलेला होता आणि तो उभा होता. त्याच्यावर नव्या मेन्यूची जाहिरात करणारा एक पुठ्ठा ठेवला होता. अण्णा वाकून बघत राहिले.

"बंद पडलाय काय?"

"नाही अण्णा, बंद ठेवलाय."

"उठाव नाही?"

मागाच्या धंद्यात मालाला उठाव नसला की चांगले माग बंद ठेवतात. पण इथे दुकान खच्चून भरलं होतं, बाहेर पन्नास माणसं थांबली होती. मी टॅब्लेट त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, आता ह्याच्यावर सांगायचं, मग आपली बशी त्या वरच्या सरळ मार्गावरून आपल्यापुढे येऊन थांबते. टॅब्लेटवर इंग्रजी होतं. अण्णा इंग्रजी अक्षरं लावून वाचतात. वाचलेल्या शब्दाचा अर्थ मात्र लागेलच असं नाही. पडद्यावर शंभरेक चित्रं, प्रत्येक चित्र नखाएवढं. "हे काय?" सुरमईसारखा मासा. कच्चा. "हे?" शिंपला. "आणि हे?" अंडं. "हे?" असं आठ-दहा वेळा झालं. माझ्या आवाजात घाई आली असणार, कारण मधेच त्यांनी टॅब्लेट माझ्याकडे परत सरकवला. "तुला बरं वाटंल ते सांग."

त्यांनी दोन बश्या खाल्ल्या. पोट भरलं म्हणाले. ते भरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. घरी येऊन आम्ही दहीभात खाल्ला.

अण्णांना मागून खायची सवय नाही. लग्नाच्या पंगतीतही वाढपी समोर येईल तेवढंच घेणार, दुसऱ्यांदा हाक मारणार नाहीत. हा भिडस्तपणा कुठून आला ते मला माहीत आहे. ज्यांना पंगतीत शेवटी बसायला लागलेलं असतं, त्यांना ते सांगायची गरज नाही. मुद्दा एवढाच की स्वतःच्या पोराकडेसुद्धा चार वेळा "हे काय, ते काय" विचारणं त्यांच्या लेखी मागणंच होतं. पट्टा फिरत असता तर त्यांना माझी गरजच पडली नसती.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं आहे की गेल्या काही वर्षांत जपानात हा पट्टा जो थांबवला गेला तो स्वच्छतेसाठी नव्हे, आणि तो थांबवण्यात माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचा हात आहे. आणि तो थांबवणं ही चूक आहे.

आधी पट्टा मुळात कशासाठी आला ते बघू. योशिआकी शिराइशी नावाचे एक गृहस्थ ओसाकाजवळ सुशीचं दुकान चालवत. तो भाग छोट्या कारखान्यांचा, गिऱ्हाईक म्हणजे तिथले कामगार. स्वस्तात विकायचं तर जास्त माणसं ठेवणं परवडत नव्हतं आणि कमी माणसांत सगळ्यांना वाढणं जमत नव्हतं. बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून त्यांना कल्पना सुचली. १९५८ साली फुसे इथे (आज तो भाग हिगाशी-ओसाका शहरात येतो) त्यांनी पहिलं फिरत्या सुशीचं दुकान उघडलं. कोपऱ्यावर पट्टा वळायचा कसा, ह्यात त्यांची काही वर्षं गेली. वेग किती ठेवायचा ह्याचेही प्रयोग झाले: जोरात फिरवला तर सुशी वाळते आणि हात घालायचा धीर होत नाही, हळू फिरवला तर गिऱ्हाईक कंटाळतं. शेवटी सेकंदाला ८ सेंटिमीटरवर गाडी स्थिरावली असं सांगतात. १९७०च्या ओसाका एक्स्पोत लोकांनी हा प्रकार बघितला आणि मग तो देशभर पसरला.

हे सांगताना सगळे त्यातल्या यंत्राचं कौतुक करतात. मला कौतुक दुसऱ्या गोष्टीचं आहे. त्याआधीचं सुशीचं दुकान कसं होतं? लाकडी कट्टा, पलीकडे सुरी घेतलेला उस्ताद, भिंतीवर पाट्या, आणि बऱ्याच पाट्यांवर भावाच्या जागी नुसतं 'जिका', म्हणजे चालू भाव. किती ते विचारलं तर तुम्ही नवखे ठरलात. कोणत्या माशाचा हंगाम आहे हे माहीत नसेल तर अडाणी ठरलात. त्या कट्ट्यावर बसायला खिसा लागायचाच, पण त्याहून जास्त लागायची भाषा. पट्ट्याने ही अट काढून टाकली. बशीच्या रंगावरून किंमत कळायची. पदार्थाचं नाव माहीत नसलं तरी चालायचं, कारण पदार्थच समोर होता. बोलायची गरज नव्हती. बाजूला बसलेल्या माणसाने काय उचललं ते बघून शिकता येत होतं. आणि एक बशी जाऊ दिली तर बिघडत नव्हतं, ती परत येणार होती.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१९च्या ऑक्टोबरात मी इथे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगची डिग्री होती, जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी पास झालो होतो, आणि नूडल्सच्या दुकानात तिकिटाच्या यंत्रापुढे मागच्या माणसाचा खोकला ऐकत उभं राहण्याची धास्ती होती. पहिले तीन आठवडे मी दुकानातले भाताचे गोळे खाऊन काढले. मग एका रविवारी एकटाच काइतेन-झुशीत शिरलो. कट्ट्यावर प्रत्येकापुढे एक छोटा नळ असतो, त्याच्याखाली मी हात धुवायला गेलो. तो चहासाठीच्या उकळत्या पाण्याचा असतो. (परदेशी माणसांपैकी निम्मी हे करत असावीत, आकडा माझ्याकडे नाही, पण हात भाजलेल्यांची एक मूक संघटना आहे.) शेजारच्या आजोबांनी काही न बोलता नळ दाबून, कपात हिरव्या चहाची पूड घालून दाखवली. मी अकरा बश्या खाल्ल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी कुणाचीही मदत न घेता, कुणापुढेही ओशाळं न होता पोटभर जेवलो होतो.

आता आमच्याकडचे काही रसिक म्हणतील, अहो, पण ती खरी सुशी नव्हेच. कॉलेजच्या ग्रुपवर असे तिघे आहेत. दोघे जपानला आठ दिवस येऊन गेले, तिसरा आलेलाच नाही. त्यांच्या मते खरी सुशी म्हणजे 'ओमाकासे', दहा आसनांच्या कट्ट्यावर उस्ताद देईल ती. पट्ट्यावरची म्हणजे सुशीतला वडापाव. हे अपमान म्हणून म्हणतात, हीच गंमत. भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली ही सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या रस्त्यांवर, गाड्यांवर विकली जात होती. कामावरून परतणारा माणूस उभ्या उभ्या दोन खाऊन पुढे जायचा. ज्या माशाच्या चरबीदार भागासाठी आज हजारो येन मोजतात, त्या ट्यूनाच्या 'तोरो'ला तेव्हा हलकं समजत, मांजरसुद्धा ओलांडून जाईल म्हणत. म्हणजे गाडीवरचा पदार्थ वर चढून बंद दाराआड गेला आणि शिराइशींनी पट्ट्यावर घालून तो परत रस्त्याच्या जवळ आणला. आणि 'ओमाकासे' ह्या शब्दाचा अर्थ काय? 'तुमच्यावर सोपवलं.' अण्णांनी त्या शनिवारी माझ्यापुढे ओमाकासेच केलं की. फक्त नाइलाजाने.

सॅमनचं उदाहरण तर बघाच. पॅसिफिकमधला सॅमन जपानी लोक कच्चा खात नसत, त्यात कृमी असतात. १९८०च्या दशकात नॉर्वेला आपला शेतीतला सॅमन इथे खपवायचा होता. जुन्या कट्ट्यांनी नाकं मुरडली. सॅमन-सुशी मोठी झाली ती पट्ट्यावर, पोराबाळांच्या हातून. कारण पट्ट्यावर नवा पदार्थ कुणाच्या परवानगीशिवाय शंभर माणसांच्या डोळ्यांसमोरून जाऊ शकतो. तसंच मक्याचे दाणे आणि मेयोनीज घातलेली सुशी, तसंच हॅम्बर्गरची. रसिकांना झीट येईल अशा गोष्टी. माझी आवडती मक्याचीच आहे.

मग पट्टा थांबला का? सगळे २०२३च्या जानेवारीकडे बोट दाखवतात. गिफू शहरातल्या सुशिरोच्या दुकानात एका पोराने टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटली, कपाची कड चाटली आणि समोरून जाणाऱ्या सुशीला थुंकी लावलेलं बोट पुसलं. मित्राने चित्रण केलं, ते देशभर फिरलं. कंपनीचे शेअर घसरले. कंपनीने ६ कोटी ७० लाख येनचा दावा ठोकला आणि काही महिन्यांनी तडजोडीत तो मागे घेतला. पण तोवर पट्ट्यावरून मोकळी सुशी फिरवणं बंद झालं होतं. मागाल तेवढंच येईल.

किळस यावी असाच प्रकार होता, मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, गेन्की सुशीसारख्या चेनने त्याच्या कितीतरी आधी फिरता पट्टा काढून सरळ मार्ग बसवायला सुरुवात केली होती. म्हणजे पट्ट्याचं मरण ठरलेलं होतं, पोराने फक्त तारीख दिली. दोन, कुरा सुशीने पट्टा बंद केला नाही. त्यांच्या बश्यांवर २०११पासूनच पारदर्शक झाकणं आहेत. २०२३मध्ये त्यांनी झाकण उघडून परत ठेवणाऱ्यावर नजर ठेवणारे कॅमेरे जोडले आणि पट्टा फिरत ठेवला. थुंकीवर उपाय होता. तो स्वस्त होता, आणि वापरातही होता.

खरं कारण वेगळं आहे आणि ते आमच्या धंद्यातलं आहे. पट्ट्यावर घातलेली बशी म्हणजे अंदाज. कुणीतरी घेईल ह्या आशेवर बनवलेला माल. तो फिरून फिरून वाळला की टाकावा लागतो. मागणीशिवाय काहीच बनवलं नाही तर टाकायला काही उरत नाही. हिशेब सरळ आहे आणि अन्न वाया जाणं वाईट, हेही खरं. मी उलट बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच मानतो. पण तोही इंजिनिअरांनी बराचसा सोडवलेला होता! सुशिरोने बशीच्या बुडात चिप बसवली होती, पट्ट्यावर ३५० मीटर फिरलेली बशी आपोआप बाजूला काढली जायची. किती माणसं बसली आहेत, किती वेळ झाला, आता काय खपेल, ह्याचा अंदाज यंत्र बांधायचं आणि टाकाऊ माल कमी व्हायचा. तेवढं डोकं चालवल्यावर पुढची पायरी म्हणून थेट पट्टाच बंद करणं म्हणजे धोटा अडकतो म्हणून माग भंगारात घालणं.

कबुली द्यायला हवी. पट्टा फिरत होता तेव्हासुद्धा आम्ही नेहमीचे लोक पडद्यावरूनच मागवायचो. ताजी मिळते म्हणून. पट्ट्यावरची सुशी नवख्यांसाठी, लहान पोरांसाठी आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठी आहे असं आम्ही मनात ठरवून टाकलं होतं. आणि मग कंपन्यांनी आमच्या सवयीचे आकडे बघून निर्णय घेतला. ज्यांना पट्टा लागत होता, ते कुठल्याच आकड्यात ठळक दिसत नव्हते.

मी पोटासाठी काय करतो ते सांगतो. एका खरेदीच्या ॲपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' अशी जी रांग असते ना, तसल्या रांगेचं काम माझ्या टीमकडे आहे. तुम्ही काय बघितलं, किती वेळ थांबलात, तुमच्यासारख्या इतरांनी काय घेतलं, ह्यावरून पुढची वस्तू ठरते. माझ्या कामाबद्दल मला लाज नाही, पण ते काय आहे हे मला माहीत आहे. तुम्ही आधी जे होतात तेच तुमच्यापुढे परत मांडायचं, हे ते काम. रेस्टॉरंटचा पडदाही त्याच जातीचा. वरच्या रांगेत काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवताना तुमच्या कुतूहलाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. पट्ट्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं. कंपनीचा संचालक बसला असो की जॉबर, त्याच बश्या त्याच क्रमाने दोघांच्या पुढून जातात.

आणि हे त्यांनाही कळतं! पट्टा बंद केल्यावर २०२३च्या सप्टेंबरात सुशिरोने काही दुकानांत टेबलाला लागून भला मोठा पडदा बसवायला सुरुवात केली. त्या पडद्यावर काय दिसतं? फिरत्या बश्या. सुशीची चित्रं सरकत जातात, बोट लावलं की ऑर्डर. 'डिजिरो' म्हणतात त्याला. पट्टा काढला, मग पट्ट्याची आठवण लोकांना येते म्हणून पट्ट्याचा सिनेमा लावला. ज्या टीमने ते बनवलं तिच्या कौशल्याला मी दाद देतो, काम सफाईदार आहे. पण चित्राला वास नाही, आकार नाही, शेजारच्याने उचललेली बशी त्यात कमी होत नाही. शेजारच्या टेबलावर कदाचित दुसरंच काही सरकत असेल. पंगतीतल्या प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून समोर पंगतीचा फोटो लावावा, तसं.

माझी मागणी मोठी नाही. सगळं जेवण पट्ट्यावर घाला असं मी म्हणत नाही. झाकणं घाला, चिपा लावा, कॅमेरे हवे तर तेही लावा, वीस-पंचवीसच बश्या फिरवा. मागवणाऱ्यांनी खुशाल पडद्यावर मागवावं, मीही मागवेन. त्या वीस बश्यांचं नुकसान जाहिरातीच्या खर्चात धरा. पुठ्ठ्यावर छापलेल्या सुशीपेक्षा फिरणारी सुशी जास्त विकते हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि तेही परवडत नसेल तर निदान पैसे वाचवण्यासाठी बंद केला असं सरळ सांगा. सगळं त्या एका पोराच्या जिभेवर ढकलू नका.

अण्णा परत जायच्या आदल्या रविवारी मी त्यांना आमच्या लाइनवर तीन स्टेशनं पलीकडच्या एका जुन्या दुकानात नेलं. चेन नाही, चौदा खुर्च्या, मधे दोन म्हातारे सुशी वळणारे आणि त्यांच्याभोवती फिरणारा पट्टा. मी ठरवून दोन खुर्च्या सोडून बसलो. अण्णांनी आधी एक फेरी नुसती बघितली. मग अंड्याची बशी उचलली. मग तळलेल्या टोफूच्या पिशवीतल्या भाताची, ती दोनदा. एक ईलची बशी होती, भाजलेली, वरून तपकिरी रस्सा लावलेली. ती पहिल्यांदा गेली तेव्हा अण्णांनी मान वळवून तिला शेवटपर्यंत बघितलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा हात कट्ट्यावर आला. तिसऱ्यांदा पलीकडच्या बाईंनी काय केलं ते बघितलं. त्यांनी घेतली नाही. चौथ्या फेरीला उचलली. मला विचारलं नाही ते काय आहे. खाल्ली, आणि बशी पहिल्या तिन्हींवर रचून ठेवली.

सात बश्या झाल्यावर त्यांनी खाली वाकून पट्ट्याच्या बुडाशी डोकं नेलं. चंद्रकोरीसारखे तुकडे एकात एक अडकवून ती साखळी केलेली असते, म्हणून ती कोपऱ्यावर वळते. आतला म्हातारा सुरी थांबवून बघायला लागला. अण्णांनी त्याला बोटाने कोपरा दाखवला, कानाला हात लावला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हितं वळताना खट् वाजतंय बघ. सांग त्यास्नी, पिन झिजलीय."

मी सांगितलं. म्हातारा हसला, म्हणाला, माहीत आहे, दोन वर्षं झाली. मग त्याने पट्ट्यावर न ठेवता हातानेच एक बशी अण्णांपुढे केली. अण्णांनी ती घेऊन पट्ट्यावर ठेवली, एक फेरी फिरू दिली आणि समोर आल्यावर उचलली.